नातवाचे प्रश्न आणि आईचा नवा करार

दिवाळीला नातू चार दिवस राहून गेला. पुण्याला असतो, कॉम्प्युटरमधलं काहीतरी काम करतो. (नेमकं काय ते त्यानं मला तीनदा समजावून सांगितलं आहे. दोष त्याचा नाही.) निघायच्या आदल्या रात्री जेवणं आटोपल्यावर मी नेहमीसारखी आईचा नवा करार घेऊन बसले होते. त्यानं मोबाईलमधून मान वर काढली आणि म्हणाला, "आजी, रागावू नकोस हं, पण या पुस्तकात चार लाख चुका आहेत, माहितीये तुला? आणि कुठली पुस्तकं आत ठेवायची नि कुठली फेकायची ते एका रोमन बादशहानं मतं घेऊन ठरवलं. सगळं नंतर रचलेलं आहे."

मी म्हटलं, "बरं."

"बरं काय? पणजी बिचारी आयुष्यभर यावर विसंबून राहिली."

तो 'बिचारी' मला लागला. चार लाख चुकांचं काही वाटलं नाही. आयुष्यभर वह्या तपासल्यात, चुकांना मी घाबरत नाही. पण माझी आई शाळेची पायरी न चढलेली बाई. लग्न होऊन आल्यावर मंडळीतल्या बायकांच्या संध्याकाळच्या वर्गात ती अक्षरं शिकली, आणि तिथं वाचायला पुस्तक एकच होतं, हेच. याच्यावर बोट ठेवत ठेवत ती वाचायला लागली आणि पुढे साऱ्या वाडीची आलेली पत्रं वाचून दाखवायला लागली. वडील गेले त्या रात्री घरात सगळे रडत होते आणि ती कंदिलाशी बसून वाचत होती. अशा बाईला कुणी फसवलं होतं, आणि ती बिचारी फसली होती, असं माझा नातू म्हणत होता. आणि तेही मोबाईलवर आलेल्या एका लेखाच्या भरवशावर!

त्या रात्री मी फार बोलले नाही. रात्री साडेदहाला वाद घालू नये, हा माझा जुना नियम. आता लिहिते. त्याच्यासाठी लिहिते, आणि प्रश्न आला की कान झाकून घेणाऱ्या आमच्याच काही बंधुभगिनींसाठीही. 2006 साली 'द दा विंची कोड' हा सिनेमा आला तेव्हा गोव्यासकट काही राज्यांनी त्यावर बंदी घातली होती. मला तेव्हाही ती पटली नव्हती. एवढी शतकं टिकलेलं पुस्तक एका सिनेमापासून पोलिसांनी वाचवायचं असेल तर ते वाचवून तरी काय उपयोग?

तर पहिली गोष्ट, चार लाख.

आकडा खोटा नाही. अभ्यासक साधारण तेवढेच, काही जण त्याहून जास्त पाठभेद सांगतात. पण हे पाठभेद आले कुठून? नव्या कराराची ग्रीक भाषेतली हस्तलिखितं, लहानमोठे तुकडे धरून, पाच हजारांहून जास्त आहेत. सगळी हातांनी उतरवलेली. मी साठ मुलांच्या वर्गाला शुद्धलेखन घालत असे. साठ वह्या घरी यायच्या. कुणी ऱ्हस्वाचं दीर्घ केलेलं, कुणी शब्द गाळलेला, कुणी एकच ओळ दोनदा लिहिलेली. सगळ्या चुकांची बेरीज केली तर उताऱ्यात जेवढे शब्द, त्याहून चुका जास्त भरायच्या. आता समजा, माझं पुस्तक हरवलं आणि त्या साठ वह्याच उरल्या, तर मला मूळ उतारा पुन्हा लिहिता येणार नाही का? सहज येईल. कारण साठही मुलं एकाच जागी एकच चूक करत नाहीत. (करतात तेव्हा काय झालेलं असतं ते प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे.) वह्या जितक्या जास्त, तितकी चुकांची बेरीज मोठी, आणि तितकंच मूळ सापडणं सोपं. हस्तलिखित एकच असतं तर पाठभेद शून्य भरले असते. तेव्हा मात्र काळजी करावी लागली असती.

आणि या चुका मोजल्या कुणी? ऑक्सफर्डच्या जॉन मिल नावाच्या विद्वानानं, जो स्वतः ख्रिस्ती धर्मगुरू होता. तीस वर्षं हस्तलिखितं ताडून पाहिली आणि 1707 साली नव्या कराराची आवृत्ती काढली. तीत सुमारे तीस हजार पाठभेद नोंदवलेले होते. आवृत्ती निघाली आणि पंधरवड्यात बिचारा गेला (इथे 'बिचारा' चालेल). मग गदारोळ झाला. श्रद्धाळू म्हणाले यानं शास्त्राला धोका आणला, टीकाकार म्हणाले बघा, आम्ही सांगत नव्हतो! दोघांनाही हे सुचलं नाही की हा माणूस पुस्तकावर प्रेम होतं म्हणूनच तीस वर्षं त्यातल्या चुका शोधत बसला होता.

आपल्याकडे हे कळायला अवघड जाऊ नये. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत अपपाठ शिरले म्हणून एकनाथांनी 1584 साली, म्हणजे शके 1506 मध्ये, ती शुद्ध केली. पुढे 1909 साली राजवाड्यांनी एका जुन्या पोथीवरून वेगळ्या पाठाची ज्ञानेश्वरी छापली. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताच्या शेकडो पोथ्या ताडून चिकित्सक आवृत्ती केली, ते काम 1919 ते 1966 इतकी वर्षं चाललं. म्हणून ज्ञानेश्वरी खोटी, महाभारत रद्दी, असं आमच्या नातवानं कधी म्हटल्याचं मला आठवत नाही.

1947 साली मृत समुद्राजवळच्या गुहांत जुन्या गुंडाळ्या सापडायला लागल्या, त्यांत यशयाचं अख्खं पुस्तक होतं, सात मीटरहून लांब. तोपर्यंत माहीत असलेल्या हिब्रू हस्तलिखितांपेक्षा सुमारे हजार वर्षं जुनं. ताडून पाहिलं तर शब्दांचे, अक्षरांचे फरक पुष्कळ निघाले, पण पुस्तक तेच. यिर्मयाच्या बाबतीत मात्र तिथे एक आखूड रूपही होतं, म्हणजे त्या पुस्तकाच्या दोन आवृत्त्या त्या काळी चालू होत्या. हेही सांगायला हवं. आपल्याला सोयीचं तेवढं सांगायचं, हे मोबाईलवरच्या लेखवाल्यांनी करावं.

बादशहाच्या मतदानाची गोष्ट लवकर उरकते. नीकियाची परिषद भरली इसवी सन 325 मध्ये. 2025 साली तिला सतराशे वर्षं झाली. तिथे वाद होता अरियसच्या शिकवणीचा, म्हणजे पुत्र पित्याच्या बरोबरीचा की नाही याचा. ईस्टर कधी पाळायचा हेही ठरलं. तिचे वीस नियम आजही वाचायला मिळतात, त्यांत पुस्तकांची यादी नाही. शुभवर्तमानं चारच, असं इरेनियस त्याच्या दीडशे वर्षं आधी लिहून गेला होता. आणि आज आहेत तीच सत्तावीस पुस्तकं ज्यात आहेत अशी यादी अथनासियसच्या 367 सालच्या पत्रात मिळते, तोवर तो बादशहा वारून तीस वर्षं झाली होती. मधल्या काळात काही पुस्तकांबद्दल मतभेद होते, वाद झाले, सावकाश एकमत झालं. कुठल्याही ग्रंथपरंपरेत होतं तसंच. रहस्यकथेला हे पुरत नाही, त्याला मी काय करू?

आता नातवानं निघताना स्टँडवर टाकलेला प्रश्न. हा मला खरोखर आवडला. "चौघांनी चार वेगळ्या गोष्टी सांगितल्यात. खरं असतं तर एकच सांगितली नसती का?"

पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेकडे कोण गेलं? मत्तय दोन बायका सांगतो. मार्क तीन. लूक त्याहून जास्त. योहान एकट्या मग्दालीया मरीयेचं नाव घेतो. तिथे दिसला तो एक तरुण, की एक देवदूत, की दोन? चौघांत मेळ नाही. मी हे पहिल्यांदा नीट लक्ष देऊन वाचलं तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांची होते, आणि खोटं कशाला सांगू, दोन रात्री झोप लागली नव्हती.

पण मग शाळेत नोकरी करता करता उलगडत गेलं. मधल्या सुट्टीत मारामारी झाली की मी चौघांना वेगवेगळं बोलावून विचारत असे. चौघांनी शब्दाला शब्द एकच सांगितलं की समजायचं, मुतारीमागे बसून ठरवून आलेत. एक म्हणायचा तिघं होते, दुसरा म्हणायचा पाच होते, कुणी आधी ढकललं यावर एकमत नाही, पण पाणी पिण्याच्या नळापाशी झालं आणि बारक्याचं डोकं फुटलं हे सगळ्यांचं सारखं. असं आलं की मला कळायचं, काहीतरी खरंच घडलंय.

यावर कुणी म्हणेल, बाई, हे चौघं वेगवेगळे साक्षीदार कुठं होते, मत्तय आणि लूक यांनी मार्काचं पुस्तक समोर ठेवून लिहिलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. मीही मानते. बघून लिहिलेली वही मला कळते! लूक तर सुरुवातीलाच सांगून टाकतो की माझ्या आधी अनेकांनी हे लिहायला घेतलं आणि मी सगळा शोध करून नीट क्रमानं लिहितो आहे. लपवलं कुणी? पण मार्क समोर असूनही त्यांनी आपापल्याकडचं वेगळं ऐकलेलं पुसून टाकलं नाही, हे बघा.

आणि इथे एका माणसाची गोष्ट सांगायलाच हवी. तातियन नावाचा एक विद्वान दुसऱ्या शतकात होऊन गेला. त्यालाही आमच्या नातवासारखाच प्रश्न पडला असावा. त्यानं साधारण 170 च्या सुमारास चारही शुभवर्तमानं एकत्र गुंफून एकच सलग पुस्तक केलं, 'दियातेस्सरोन'. सुबक, सोयीचं. सिरियाकडच्या मंडळ्यांत ते दोन-अडीचशे वर्षं उपासनेत वाचलं जात होतं. म्हणजे खटकणारं सगळं गुळगुळीत करून घ्यायची संधी आयती चालून आली होती, आणि लोकांना ते आवडतही होतं. मग पाचव्या शतकात थिओडोरेत नावाच्या बिशपनं आपल्या भागातल्या त्याच्या दोनशेहून जास्त प्रती गोळा केल्या, बाजूला ठेवल्या आणि त्या जागी पुन्हा चार वेगवेगळी शुभवर्तमानं दिली. न जुळणारी! ज्यांना थाप मारायची असते ते असं करतात का? मला हा सगळा प्रकार वाचून त्या बिशपचे पाय धरावेसे वाटले. (प्रती गोळा करून दूर केल्याचं मात्र वाईट वाटलं. एखादी ठेवायची ना कपाटात.)

शिवाय साक्षीदार निवडले कोण, तर बायका. त्या काळी यहुदी समाजात बाईच्या साक्षीला मान नव्हता, योसेफसनं तसं लिहून ठेवलंय. सुमारे 178 साली सेल्सस नावाच्या ग्रीक टीकाकारानं नेमकी यावरूनच टर उडवली, की पाहिलं कुणी, तर एका भ्रमिष्ट बाईनं. म्हणजे ही 'आधुनिक' टीका साडेअठराशे वर्षांची म्हातारी आहे, माझ्याहून बरीच मोठी. गंमत अशी की सेल्ससचं पुस्तक नाहीसं झालं. ते आज आपल्याला कळतं ते ओरिजेननं त्याला उत्तर देताना त्याचे परिच्छेदच्या परिच्छेद उतरवून घेतले म्हणून. उत्तर द्यायची ही पद्धत. पुढे सत्ता हातात आल्यावर ख्रिस्ती बादशहांनी पोर्फिरीची पुस्तकं जाळायला लावली, ती पद्धत नव्हे. त्याची मला लाज वाटते.

रचायचंच होतं तर चांगलं मातबर माणूस साक्षीला उभं करता आलं असतं. मंडळीचा मोठा पुढारी पेत्र, पण तो कोंबडा आरवायच्या आत तीनदा गुरूला ओळखत नाही म्हणाला, हे चारही पुस्तकांत आहे. त्याच्या हयातीत किंवा मागे कुणालाही ते गाळता आलं असतं.

इथवर सोपं होतं. खरी टोचणारी टीका वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल आमच्याकडे उपदेशात कुणी बोलत नाही. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय वाचा. शौल राजाला आज्ञा होते की अमालेक्यांना मारून टाक, बायकापोरांसकट. मी तो अध्याय वाचते तेव्हा वाचून पुस्तक मिटते आणि थोडा वेळ काही बोलत नाही. त्याचं समर्थन मी करणार नाही. 'त्या काळी असंच होतं' असं म्हणून सुटका करून घेणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही, कारण पोर कुठल्याही काळात पोरच असतं.

पण टीकाकार तिथेच थांबतो, पुढे वाचत नाही. त्याच शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात दावीद राजा उरीयाची बायको घेतो, उरीयाला लढाईत पुढे घालून मारवतो, आणि नाथान संदेष्टा भर दरबारी एका गरिबाच्या कोकराची गोष्ट सांगून राजाच्याच तोंडून राजाला दोषी ठरवतो. त्या काळच्या इतर राजांचे लेख बघा. अश्शूरच्या सन्हेरीबानं आपल्या स्वाऱ्यांचा वृत्तांत मातीच्या स्तंभावर कोरवून ठेवलाय, त्यात हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखा कोंडल्याची फुशारकी आहे. यरुशलेम त्याला घेता आलं नाही, हे मात्र नाही. आणि इथे एक लहानसं राष्ट्र आपल्या सर्वांत लाडक्या राजाचं पाप नावगाव घालून सांभाळून ठेवतं. आमोस येतो आणि जोडाजोडीसाठी गरिबाला विकणाऱ्या आपल्याच लोकांना झोडपतो, तेही पान कुणी फाडलं नाही. अमालेक्यांचा अध्याय चुकीचा वाटण्याची जी जाणीव माझ्यात आहे, ती बऱ्याच अंशी मला नाथान आणि आमोस यांनीच दिली आहे.

गुलामगिरीचंही तसंच. पौलाच्या पत्रांत गुलामांनी धन्याचं ऐकावं असं आहे. आहे, नाकारता येत नाही, आणि मळेवाल्यांनी ते पिढ्यान् पिढ्या वापरलं. पण लंडनमध्ये 1807 साली वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी एक खास बायबल छापलं गेलं, ते या वादात मला सगळ्यांत बोलकं वाटतं. पूर्ण बायबलात 1189 अध्याय. त्यात ठेवले 232. धन्याचं ऐका, हे ठेवलं. योसेफ गुलाम म्हणून विकला गेला, ते ठेवलं. मोशेनं गुलामांना मिसरातून बाहेर काढलं, ते काढून टाकलं. ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, हे पौलाचं वाक्य ज्या पत्रात आहे तो भागही काढून टाकला. त्याच्या मोजक्याच प्रती आज उरल्या आहेत.

मी नातवाला विचारते: पुस्तक जर धन्यांच्या सोयीचं होतं, तर धन्यांना त्याला एवढी कात्री का लावावी लागली? आणि हॅरिएट टबमन गुलामांना रातोरात पळवून नेत होती तेव्हा लोक तिला 'मोशे' म्हणत, ते नाव कुठून आलं?

आपल्याकडचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. 'बायका आणि भोळी श्रद्धा' असं कुणी म्हणालं की मला त्यांची आठवण येते. बाप्तिस्मा झाल्यावरही त्यांनी इंग्लंडमधल्या सिस्टर जेरल्डिनशी धर्ममतांवर पत्रांतून चांगला वाद घातला, गुरुबाई सांगतात म्हणून मानायला ठाम नकार दिला. मग हिब्रू आणि ग्रीक शिकून, केडगावला बसून, खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत अख्खं बायबल नव्यानं उतरवायला घेतलं. अनेक वर्षं ते काम चाललं. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या आणि 1924 साली ते पुस्तक पुरं होऊन बाहेर आलं, मुक्ती मिशनच्या छापखान्यातून, जिथे खिळे जुळवणाऱ्या आश्रमातल्याच बायका होत्या. प्रश्न विचारणं आणि जपणं ही दोन्ही कामं एकच बाई करू शकते. जिला शंका घ्यायच्या आहेत तिनं ग्रीक शिकावं, माझी ना नाही!

आता आईच्या प्रतीकडे येते.

तिच्या पुस्तकात एकाच जागी पेन्सिलीची खूण आहे. योहानाच्या आठव्या अध्यायाच्या सुरुवातीला. व्यभिचारात धरलेल्या बाईला दगडांनी मारायला आणतात, येशू खाली वाकून जमिनीवर बोटानं काहीतरी लिहितो, आणि म्हातारे आधी नि तरुण मागून असे सगळे निघून जातात, ती गोष्ट. आणि नेमकी हीच गोष्ट सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. काहींत ती योहानात नाही तर लूकात सापडते. म्हणजे गोष्ट आपलं घर शोधत हिंडत होती. ऑगस्टीन म्हणतो की काही नवऱ्यांनी भीतीनं ती गाळली असावी, बायकांना मोकळीक मिळेल म्हणून. (नवरे सगळीकडे सारखेच.) बहुतेक अभ्यासक मात्र ती मागाहून तिथे आली असं मानतात आणि आता पुष्कळ आवृत्त्यांत तिला कंस किंवा तळटीप असते.

मी सातवी-आठवीत असताना आमच्या वाडीत एका सुनेला सासरच्यांनी मारून बाहेर काढलं. कारण काय होतं ते मोठी माणसं कुजबुजत, आम्हा मुलांना उठवून लावत. सगळी वाडी ओट्यावर उभी राहून बघत होती. आई चुलीवरची भाकरी तशीच टाकून गेली आणि तिचा हात धरून तिला घरी घेऊन आली. अकरा दिवस ती आमच्याकडे होती. वडिलांनाही ते रुचलं नव्हतं, दोन दिवस ते आईशी बोलले नाहीत. खूण तेव्हाची की आधीची, मी कधी विचारलं नाही.

त्या तळटिपेबद्दल आईला काही माहीत नव्हतं. मला माहीत आहे. ती खरी आहे आणि ती छापलीच पाहिजे, कारण ज्यानं ती लिहिली त्यानं इमानदारीनं काम केलंय. पण ती बाई अकरा दिवस आमच्या घरात जेवली, हेही खरं आहे. त्यातलं एक सांगितलं की दुसरं पुसलं जातं, असं मानायला मी तयार नाही. आणि माझ्या आईला 'बिचारी' म्हणू द्यायला तर मुळीच तयार नाही.

हे सगळं फोनवर थोडक्यात नातवाला सांगितलं. म्हणाला, "आजी, तू भलतीच तयारीत आहेस." मी म्हटलं, लेख वाचलेस, आता पुस्तक वाच. मार्कापासून सुरू कर, सगळ्यांत लहान, दीड-दोन तासांत होतं. परवा त्याचा फोन आला. सहाव्या अध्यायापर्यंत आलाय. म्हणाला, "यात येशूच्या जन्माची गोष्टच नाहीये. मेंढपाळ, मागी, कुणीच नाही. माझं पान गळलंय का?"

म्हटलं, नाही गळलं. मार्कानं लिहिलंच नाही. पुढे वाच.